निरोध वापरल्यानंतरची लैंगिक संसर्ग तपासणी

निरोध वापरून शरीरसंबंध आल्यावरही संसर्ग झाला आहे का, हे पाहण्यासाठी करायची तपासणी. ‘निरोध’ हे मुळात १९६८ साली बाजारात आलेल्या सरकारी कंडोमचे नाव.

वडोदऱ्यात नवख्या मराठी माणसाची पहिली अडचण शब्दाची. लैंगिक आजारांना गुजरातीत ‘जातीय रोग’ म्हणतात. पाटी वाचून जातीपातीचा इथे काय संबंध, असे वाटते. दांडिया बाजार या शहरातल्या जुन्या मराठी वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांना अर्थ कळतो, पण विषय मात्र घरात दोन्ही भाषांत निघत नाही.

स्रावांतून पसरणाऱ्या एचआयव्ही, परमा (गनोरिया) आणि क्लॅमिडियाला निरोध चांगला अडवतो. गरमी (सिफिलिस), हर्पिस आणि एचपीव्ही (चामखिळीचा विषाणू) त्वचेच्या स्पर्शानेही पसरतात. जांघेतला किंवा अंडकोशावरचा फोड निरोधाबाहेरच राहतो. मुखमैथुन निरोधाशिवाय झाले असेल तर संबंध पुरता संरक्षित धरता येत नाही, आणि घशातला परमा लघवीच्या तपासणीत सापडत नाही. वंगण म्हणून लावलेले खोबरेल तेल हा आणखी एक घरगुती घोटाळा: निरोधाचे रबर (लॅटेक्स) त्याने काही मिनिटांत कमजोर होते. निरोध शेवटपर्यंत शाबूत असेल, तर एचआयव्हीची धास्ती बहुधा अवास्तव असते. फाटला किंवा निसटला असेल तर मात्र ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठावे. २८ दिवसांचे एचआयव्ही-प्रतिबंधक औषध जितके लवकर सुरू होईल तितके बरे.

दुसऱ्याच दिवशी केलेली चाचणी त्या रात्रीबद्दल काही सांगत नाही, आधीचा हिशेब तेवढा सांगते. एचआयव्हीसाठी शिरेतल्या रक्तावरची चौथ्या पिढीची (विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडे दोन्ही शोधणारी) चाचणी ४५ दिवसांनी निर्णायक ठरते, बोटातल्या थेंबावरची झटपट चाचणी ९० दिवसांनी. परमा व क्लॅमिडियाला साधारण २ आठवडे पुरतात. गरमीचा व्रण १० ते ९० दिवसांत उठतो आणि बहुधा दुखत नाही, त्यामुळे लक्षातही येत नाही. तिची रक्ततपासणी ३ महिन्यांनी पुन्हा करावी. लघवीचा नमुना देताना जुनी सवय आड येते. एरवी मधली धार मागतात; इथे पहिलीच धार हवी, आणि आधी तासभर लघवीला गेलेले नसावे.

सयाजी रुग्णालयात (एसएसजी) एचआयव्हीची चाचणी व समुपदेशन मोफत मिळते. चाचणीला संमती आणि निकालाची गुप्तता २०१७ च्या कायद्याने बंधनकारक असून, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. बाकी संसर्गांवर सरकारी दवाखान्यांत मुख्यतः लक्षणांवरून, रंगानुसार ठरवलेले औषधांचे किट देऊन उपचार होतात. मूत्रमार्गातून स्राव येत असेल तर करडे किट. लक्षणेच नसतील त्याने क्लॅमिडियाची तपासणी स्वतःहून मागावी, कारण खासगी लॅबच्या ‘एचआयव्ही, व्हीडीआरएल (गरमीची रक्तचाचणी), हिपॅटायटिस बी’ या नेहमीच्या तिकडीत ती नसते. गल्लीतल्या ओळखीच्या लॅबचा संकोच वाटला तर स्टेशनपलीकडे अलकापुरीत जावे. घराबाहेरच पडवत नसेल, तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे.