जेरुसलेमची आग आणि जमिनीत गोठलेले होकायंत्र

‘विज्ञानाने बायबल खरे ठरवले!’ असा मथळा दर दोन-चार वर्षांनी कुठे ना कुठे झळकतोच. 2022 च्या ऑक्टोबरात तो पुन्हा फिरला. निमित्त होते इस्रायलमधल्या 17 ठिकाणांच्या 21 जळक्या थरांचा, म्हणजे जळालेल्या वस्त्यांच्या गाडल्या गेलेल्या अवशेषांचा, चुंबकीय अभ्यास. संशोधन पहिल्या प्रतीचे आहे, मथळा मात्र साफ उलटा. बायबलला भौतिकशास्त्राकडून जेवढे मिळाले, त्याहून जास्त भौतिकशास्त्राने जुन्या लिखाणाकडून घेतले, आणि घेतली ती एक तारीख, जेरुसलेम जळाल्याची.

आधी ग्रंथ काय म्हणतो ते पाहू. हिब्रू धर्मग्रंथातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 28व्या अध्यायात शापांची लांबलचक यादी आहे. आज्ञा मोडल्या तर डोक्यावरचे आकाश कांस्याचे होईल, पायाखालची जमीन लोखंडाची होईल आणि शेवटी पृथ्वीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तुमची पांगापांग होईल. ‘लेवीय’ या दुसऱ्या पुस्तकात तर तुम्ही हद्दपार झालात की तुमच्या जमिनीला तिची राहिलेली विश्रांती (दर सातव्या वर्षी ती पडीक ठेवायची असे) मिळेल, असा हिशेबही आहे. इ.स.पू. 722 च्या सुमारास असिरियाने उत्तरेचे इस्राएलचे राज्य बुडवले. पुढे बाबिलोनच्या नेबुखद्नेझरने दक्षिणेचे यहूदा बुडवले, जेरुसलेमचे मंदिर जाळले आणि माणसे उचलून नेली. संदेष्ट्यांनी या दोन्ही घटना शिक्षा म्हणूनच वाचल्या.

असा विचार करणारे ते एकटेच नव्हते. शेजारच्या मवाबचा राजा मेशा याचा इ.स.पू. नवव्या शतकातला शिलालेख आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यातही हेच कारण दिले आहे: आमचा देव कमोश आपल्या भूमीवर रागावला, म्हणून इस्राएलने आम्हाला छळले. लोखंडी जमीन आणि कांस्याचे आकाश असिरियाच्या एसरहद्दोन राजाच्या इ.स.पू. 672 मधल्या करारातल्या शापांतही सापडते. यहुदी संदेष्ट्यांचे वेगळेपण त्यांच्या पुढच्या पावलात होते. हरलेल्यांचा देव सहसा विस्मरणात जातो. यिर्मयाने मात्र जिंकणाऱ्या नेबुखद्नेझरलाच आपल्या देवाचा ‘सेवक’ करून टाकले. देव हरला नाही, त्यानेच हे घडवून आणले, असे एकदा म्हटले की मंदिर जळाले तरी धर्म टिकतो. इतिहासाच्या अंगाने पाहिले तर ही मोठी विलक्षण युक्ती आहे. पण आपत्तीमागे पाप शोधायची खोड आपल्याकडेही जुनीच. बिहारचा 1934 चा भूकंप ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असे गांधीजी म्हणाले तेव्हा रवींद्रनाथांनी जाहीर हरकत घेतली होती. ती आजही कामी यावी.

देवाचा कोप मोजायचे यंत्र नाही. आग मात्र मोजता येते.

त्या आगीची तारीख इतकी नेमकी ठाऊक आहे याचे श्रेय बाबिलोनच्या कारकुनांना आणि खगोलनिरीक्षकांना जाते. बाबिलोनी बखरीच्या मातीच्या पाटीवर जेरुसलेम पहिल्यांदा पडल्याचा दिवस नोंदलेला आहे. आपल्या कालगणनेत तो 16 मार्च, इ.स.पू. 597 येतो. बर्लिनमधल्या दुसऱ्या एका पाटीवर नेबुखद्नेझरच्या कारकिर्दीच्या 37व्या वर्षी चंद्र आणि ग्रह कुठे होते, याच्या नोंदी आहेत. आकाशाची ती मांडणी इ.स.पू. 568-567 ला चपखल बसते. एक वर्ष असे खुंटीला बांधले गेले की त्या राजाची बाकीची वर्षे आपोआप जागेवर येतात. मंदिर जळाले ते राजाच्या 19व्या वर्षी पाचव्या महिन्यात, असे ‘दुसरे राजे’ हे पुस्तक सांगते. म्हणजे इ.स.पू. 586 चा ऑगस्ट. (यिर्मयाच्या पुस्तकात एका जागी 18वे वर्ष आहे, म्हणून 587 वाले अभ्यासकही आहेत. बाबिलोनी बखरीची उरलेली पाटी 594 लाच संपते, त्यामुळे हा वाद अजून मिटलेला नाही.)

इतका आटापिटा कशाला, जुन्या धान्य-लाकडाचे वय सांगणारा कार्बन-14 आहे की, असे कुणी म्हणेल. पण नेमक्या याच काळात कार्बन-14 दगा देतो. इ.स.पू. 800 ते 400 या काळात वातावरणातल्या किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण असे बदलत गेले की वयाचा आलेख जवळजवळ सपाट होतो. जळलेले धान्य 750 चे असो की 450 चे, साध्या मोजणीत वय साधारण तेवढेच येते. असिरिया, बाबिलोन, हद्दपारी आणि परतणे, सगळे त्या सपाटीत गडप.

इथे चुंबकत्व मदतीला येते. मातीत लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण असतात, मुख्यतः मॅग्नेटाइट आणि हेमटाइट. माती तापली की त्या कणांमधली चुंबकीय शिस्त मोडते. मॅग्नेटाइटच्या बाबतीत 580 अंश सेल्सिअसच्या पुढे ती पूर्ण संपते. माती निवू लागली की मधली सुट्टी संपून घंटा झाल्यावर पोरे रांगेत लागावीत तसे या कणांमधले चुंबकत्व पृथ्वीच्या त्या क्षणीच्या चुंबकीय क्षेत्राकडे कलते आणि तसेच गोठून जाते. सगळे कण एकाच तापमानाला गोठत नाहीत. काही 550 ला, काही 400 ला, काही 200 ला. म्हणून वीटभट्टीतून निघालेल्या प्रत्येक विटेत तापमानाच्या पायऱ्यांनी रचलेली एक चुंबकीय नोंद असते. तिला दिशाही असते आणि तीव्रताही.

तीव्रता काढायची पद्धत एमिल आणि ओदेत तेलिए या फ्रेंच दांपत्याने बसवली, आणि ती मला फार आवडते. तुकडा आधी, समजा, 350 अंशांपर्यंत तापवायचा आणि चुंबकीय क्षेत्र शून्य केलेल्या भट्टीत निववायचा. त्या तापमानापर्यंत गोठलेले मूळ चुंबकत्व निघून जाते, आणि किती गेले ते मोजायचे. मग तोच तुकडा पुन्हा 350 पर्यंत तापवायचा, पण आता निववताना भोवती आपण ठरवलेले क्षेत्र ठेवायचे, समजा 40 मायक्रोटेस्ला (हे क्षेत्राची तीव्रता मोजायचे एकक). तुकडा नवे चुंबकत्व घेतो, तेही मोजायचे. गेलेले 10 एकक आणि आलेले 5 एकक असतील तर जुने क्षेत्र प्रयोगशाळेतल्या क्षेत्राच्या दुप्पट, म्हणजे 80 मायक्रोटेस्ला. मग 400, 450, 500 अशा पायऱ्या चढत जायचे. प्रत्येक पायरीवर गुणोत्तर तेच आले पाहिजे. भट्टीत खनिजच बदलले तर ते बिघडते, म्हणून मध्येच खालच्या पायरीवर परतून जुने उत्तर पुन्हा येते का ते पाहतात. भर म्हणजे सावकाश निवलेला तुकडा जास्त चुंबकत्व पकडतो. प्रयोगशाळेत तो भराभर निवतो, जळक्या ढिगाऱ्यात हळूहळू, त्याची दुरुस्ती वेगळी. बरेच तुकडे या परीक्षांत नापास होतात आणि बाद होतात.

जेरुसलेमच्या जुन्या तटाबाहेर, गिवाती वाहनतळाच्या जागी झालेल्या उत्खननात एक मोठी जळकी इमारत निघाली. तिच्या वरच्या मजल्याच्या उत्तम गिलाव्याच्या जमिनीचे 54 तुकडे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पद्धतीने तपासले गेले. तुकडे ढिगाऱ्यात वेडेवाकडे, वेगवेगळ्या कोनांत पडलेले होते. जमीन वरच्या मजल्यावरच निवून मग कोसळली असती तर प्रत्येक तुकड्यातली चुंबकीय दिशा त्याच्याबरोबर वळली असती आणि सगळ्या दिशा विस्कटलेल्या मिळाल्या असत्या. पण पडलेल्या स्थितीतच त्या एकमेकींशी जुळत होत्या. म्हणजे वरचा मजला तापलेल्या अवस्थेत कोसळला आणि नंतर निवला. चुंबकीय शिक्का त्याच आगीचा. त्यावरून काढलेले पृथ्वीचे चुंबकीय सामर्थ्य आजच्या जवळजवळ दुप्पट निघाले, आणि होकायंत्राचा उत्तर काटा खऱ्या उत्तरेपासून सुमारे आठ अंश पूर्वेकडे होता.

हे हवे कुणाला? भूचुंबकत्वाच्या अभ्यासकांना. उपकरणांनी केलेल्या तीव्रतेच्या नोंदी जेमतेम दोनशे वर्षांच्या आहेत. आपल्या कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय नोंदी 1841 पासून आहेत. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामा येणार आणि त्यांचे प्रवाह सुया हलवणार म्हणून ती कामगिरी 1904 मध्ये अलिबागला हलवली गेली. त्याआधीच्या हजारो वर्षांसाठी भाजलेली माती हाच आधार, आणि तिच्यावर तारीख लिहिलेली नसते. जेरुसलेमची आग अपवाद. एका वर्षाचा तो वाद सोडला तर तिचा महिनाही ठाऊक असल्याने ती मोजपट्टीवरची खूण झाली. (अलिबागजवळच्याच नवगावला आपले पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले, असे कोकणातले बेने इस्रायल ज्यू सांगतात. मंदिर जळाल्याचा उपास ते ‘बिरड्याचा सण’ म्हणून पाळत.)

आग खरी, मग बाकी सगळेही शब्दशः खरे, हा मात्र उडीचा हिशेब झाला. देश पार ओसाड पडला, हा समज ग्रंथ स्वतःच खोडतो: द्राक्षमळे आणि शेती करायला गरिबांना मागे ठेवले, असे त्यात आहे. नेलेल्यांचा आकडा यिर्मयाच्या पुस्तकात तीन खेपांचे मिळून 4600 आहे, तर ‘दुसरे राजे’मध्ये पहिल्याच खेपेला 10,000. नेले गेलेले लोक बाबिलोनी कागदपत्रांत साध्यासुध्या नोंदींत भेटतात. यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याची मुले यांना राजवाड्यातून किती तेल दिले, याच्या पाट्या बाबिलोनच्या उत्खननात मिळाल्या. ‘अल-याहूदू’, म्हणजे यहूदानगर, या गावाच्या पाट्यांत इ.स.पू. 572 पासून खंड, कर, जव, खजूर आणि उसनवारी आहे. शिक्षा भोगणारी माणसे सारा भरत होती.

2022 च्या अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटलेली नोंद मथळ्यांत क्वचितच आली. यहूदाच्या दक्षिणेला, नेगेवच्या वाळवंटी पट्ट्यात तेल मल्हाता आहे. तिथल्या जळक्या थराची चुंबकीय नोंद जेरुसलेमच्या नोंदीशी जुळत नाही. तो थर काही दशकांनंतरचा दिसतो. म्हणजे दक्षिण सीमा नेबुखद्नेझरच्या तडाख्यात एकदम कोसळली नाही, नंतर कुणीतरी ती संपवली. संशोधकांचा संशय शेजारच्या अदोमींवर आहे. स्तोत्रसंहितेच्या 137व्या स्तोत्रात, बाबिलोनच्या नद्यांकाठी रडणारे लोक बाबिलोनलाही शाप देतात, पण त्याच्या आधी अदोमींचे नाव घेतात. संशय खरा की खोटा ते एकट्या चुंबकत्वाने ठरणार नाही. थर कधी जळला ते त्यात गोठते, कुणी जाळला ते नाही. त्यासाठी नेगेवमध्ये आणखी खणावे लागेल.