मनोविकृती समाजकार्य प्रशिक्षण

मानसिक आजार असलेली व्यक्ती, तिचे कुटुंब आणि शेजारपाजार यांच्यासोबत काम करण्यासाठी समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीनंतर दिले जाणारे विशेष प्रशिक्षण. महाराष्ट्राच्या शासकीय रुग्णालयांत हे काम करणाऱ्याचे पदनाम ‘समाजसेवा अधीक्षक (मनोविकृती)’ असे आढळते. ‘मनोविकृती’ हा शब्द रुग्णाला आणि नातेवाइकांना बोचणारा आहे. तरीही तो शासकीय व्यवहारात रुळलेला असल्याने येथे वापरला आहे.

या शाखेचा उगम अमेरिकेत झाला, याबद्दल फारसे दुमत नाही. आरंभबिंदूबद्दल मात्र आहे. काही अभ्यासक तो १९०४ च्या सुमारास मानतात. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन स्टेट हॉस्पिटलमधील मनोविकारतज्ज्ञ ॲडॉल्फ मायर यांच्या पत्नी मेरी त्या काळी रुग्णांच्या घरी जाऊन त्यांच्या परिस्थितीची माहिती आणत. हे काम मोलाचे होते, पण ते प्रशिक्षण नव्हे. बॉस्टन सायकोपॅथिक हॉस्पिटलमध्ये मनोविकारतज्ज्ञ एल्मर साउथर्ड आणि समाजकार्यकर्त्या मेरी जॅरेट यांनी १९१३ च्या आसपास या कामाला स्वतंत्र शाखेचे रूप दिले. पहिल्या महायुद्धातून मानसिक आघात घेऊन परतणाऱ्या सैनिकांची गरज ओळखून १९१८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्मिथ कॉलेजात रीतसर अभ्यासक्रम सुरू झाला. प्रशिक्षणाचा इतिहास येथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

भारतातही असाच पेच आहे. अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था सुरू झाली (१९४४ पासून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस). मुलांच्या मानसिक व वर्तनविषयक अडचणींसाठी असलेल्या तिच्या बालमार्गदर्शन केंद्राचे काम १९३७ च्या सुमारास सुरू झाले आणि बहुतेक लेखक तोच आरंभ मानतात. दुसरे मत १९४८ च्या आसपासचे आहे. गौरी राणी बॅनर्जी यांनी याच संस्थेत वैद्यकीय व मनोविकृती समाजकार्य ही विशेष शाखा उभी केली, ती तेव्हा. मात्र ही शाखा सर्वसाधारण समाजकार्य शिक्षणाचाच भाग होती. पदव्युत्तर पदवीनंतरचे पूर्णवेळ प्रशिक्षण बंगळूरच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत (पुढे निम्हान्स) साधारणतः १९६८ पासून दोन वर्षांच्या पदविकेच्या रूपात आले. पुढे तिचे एम.फिल. झाले. रांची व तेजपूर येथील मानसिक आरोग्य संस्थांतही हा अभ्यासक्रम चालतो.

प्रशिक्षणार्थी प्रौढ मनोविकार, बालमनोविकार, व्यसनमुक्ती, कुटुंबोपचार अशा विभागांत आळीपाळीने काम करतो आणि शेवटी प्रबंध सादर करतो. पाया मात्र वृत्त-इतिहास (रुग्णाची व आजाराची पूर्वहकीगत) घेण्याचा. माहिती कोण देतो, त्याचे रुग्णाशी नाते काय, तो रुग्णासोबत किती काळ राहिला, हे आधी नोंदवले जाते. मगच तक्रार लिहिली जाते. ती बोलणाऱ्याच्याच शब्दांत हवी. आई ‘बाहेरचं झालंय’ म्हणाली, तर कागदावर तेच उतरते, त्याचा आजार-वर्गीकरणातला प्रतिशब्द नव्हे. त्यानंतर कुटुंबाचा नकाशा काढतात : पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, मृत व्यक्तीवर फुली, रुग्णाभोवती दुहेरी रेघ. गृहभेटीत गोळ्यांचा डबा कोणाच्या ताब्यात असतो, रुग्णाचे ताट सर्वांबरोबर वाढले जाते की वेगळे, याकडे लक्ष द्यायला शिकवतात. हे पुस्तकातून येत नाही. अनुभवी पर्यवेक्षक प्रत्येक नोंद ओळीने तपासतो, तेव्हाच ते अंगवळणी पडते. या प्रशिक्षणाचे खरे बळ पर्यवेक्षणात आहे.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ (अंमल २९ मे २०१८ पासून) या कायद्यातील मनोविकृती समाजकार्यकर्त्याच्या व्याख्येत समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि पर्यवेक्षित चिकित्सालयीन प्रशिक्षणासह दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. यांचा नावानिशी उल्लेख आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी एम.फिल. पदवी बंद केली; मात्र पुढे आयोगाने या विषयासाठी व चिकित्सालयीन मानसशास्त्रासाठी अपवाद करून प्रवेशांना २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत दिली. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसायविषयक कायद्याच्या अनुसूचीत वैद्यकीय आणि मनोविकृती समाजकार्यकर्त्यांचा समावेश आहे.

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम ही या प्रशिक्षितांची प्रमुख कार्यक्षेत्रे होत.