मामा तलावांचे पाणी आणि त्यावरील वाद : एक पार्श्वभूमी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत ज्यांना आज सर्रास ‘मामा तलाव’ म्हटले जाते, ते माजी मालगुजारी तलाव, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावच्या जमीनदाराच्या (मालगुजाराच्या) ताब्यात पूर्वी असलेले तलाव होत. लहानमोठे मिळून त्यांची संख्या साडेसहा हजारांच्या वर सांगितली जाते, आणि पूर्व विदर्भातील धानशेती मोठ्या प्रमाणावर त्यांच्याच भरवशावर उभी राहिली. गोंड राजवटीत जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली येणारी जमीन देण्याची रीत होती. या कामात कोहळी समाजाने दाखवलेल्या कौशल्याची साक्ष नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय आजही देतो.

तलाव केवळ सिंचनासाठी कधीच नव्हता. शेतकऱ्याला त्यातून धानाचे पाणी मिळे, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाला मासे आणि शिंगाडा मिळे, गावाची गुरे तेथेच पाणी पीत आणि पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या काठावर गाळपेर, म्हणजे ओल्या गाळात पेरणी होई. या वापराच्या रूढी ब्रिटिश काळातील जमाबंदीच्या वेळी गावोगावच्या वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे गावच्या रूढींच्या दप्तरात, नोंदवल्या गेल्या. ती व्यवस्था न्याय्य होती असे म्हणता येणार नाही, कारण मालगुजाराचा शब्द अखेरचा होता आणि ढिवर तर गावाच्या उतरंडीत खालीच राहिले. तरीही पाळ (तलावाचा बांध) फुटल्यास ती कोणी बांधायची आणि पाणी केव्हा सोडायचे, हे गावात सर्वांना ठाऊक होते.

विदर्भ त्या वेळी मध्य प्रदेशात होता. तेथील १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली, ३१ मार्च १९५१ पासून त्याची अंमलबजावणी झाली आणि तलाव सरकारजमा झाले. निस्तार हक्क, म्हणजे पाणी, चराई यांसारख्या गावाच्या सामाईक वापराचे हक्क, कागदावर टिकले. पण पाळीच्या दुरुस्तीची जबाबदारी कोणाकडे, हा प्रश्न अधांतरी राहिला. पाणीपट्टीची मागणी आली तेव्हा, पूर्वजांनी स्वतः खोदलेल्या तलावाच्या पाण्याचे पैसे का द्यायचे, असे शेतकरी विचारू लागले. पुढे १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले, मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांना मिळू लागला आणि बुडीत जमीन महसूल खात्याच्या दप्तरात राहिली. एकाच पाण्याचे असे तुकडे झाले, पण त्या तुकड्यांचा मेळ घालणारे कोणीच नेमले गेले नाही. आजच्या बहुतेक वादांचे मूळ मला येथेच दिसते.

पावसाने ओढ दिली की हा वाद दरवर्षी उघड होतो. धान निसवताना शेतकऱ्याला तलावाचे तोंड उघडे हवे असते, तर मासळी वाढण्यासाठी तेच पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकावे असे ढिवरांना वाटते. काठावरच्या अतिक्रमणाने तलाव आकसतो, आणि तो पूर्ण भरल्यास ज्यांचे पीक बुडते, त्यांना सांडवा खालीच असावा असे वाटते. गाळ काढण्याच्या सरकारी योजनांनी खोली वाढवली हे खरे, परंतु यंत्राने तळ सरसकट खरवडला की देवधानासारख्या पाणवनस्पती जातात आणि उथळ काठाला अंडी घालणाऱ्या स्थानिक माशांचा आसराही जातो. भंडारा-गोंदियातील काही गावांत ढिवर समाजाने या वनस्पतींची व माशांची नोंद स्वतः केली, बेशरम हे बाहेरून आलेले तण उपटून काढले आणि स्थानिक वनस्पती पुन्हा लावल्या. या कामाला संशोधनच म्हणायला हवे, कारण कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते याचा शोध त्यात होता.

राज्यातील पाणीवादांच्या नोंदी पुण्यातील सोपेकॉमसारख्या संस्थांनी चिकाटीने केल्या आहेत. पण बोडी (शेतातली छोटी तळी) किंवा लहान तलावावरचा तंटा बहुधा न्यायालयात जात नाही, वर्तमानपत्रातही येत नाही. म्हणून तो गावातच नोंदवावा लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने पाण्यातील मासे व इतर उत्पादनांवरचा सामूहिक हक्क मान्य केला आणि त्याच्या नियमांनी दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांची लेखी निवेदनेही पुरावा म्हणून स्वीकारली. त्यामुळे वनक्षेत्रातील तलावांबाबत गावाने केलेल्या नोंदींना प्रत्यक्ष वजन आले.

या इतिहासामुळेच असे वाद गावात जाऊन नोंदवण्याच्या क्षेत्रकामाची सुरुवात निस्तारपत्रक (निस्तार हक्कांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्जच्या नकला मिळवण्यापासून व्हावी. पाळीवरून फेरी मे महिन्यात, जुनी पाणरेषा व अतिक्रमण दोन्ही उघडे पडतात तेव्हा काढावी. ढिवर स्त्रियांशी स्वतंत्रपणे बसून बोलावे, कारण रोवणीची मजुरी ज्यांच्या बांधीत (धानाच्या शेतात) करायची, त्यांच्याविरुद्ध त्या चावडीवरच्या सभेत बोलत नाहीत.