शाही समाध्या, जपानमधील

जपानचे सम्राट व त्यांचे कुटुंबीय यांची दफनस्थळे. सम्राट, सम्राज्ञी व राजमाता यांच्या समाधीला ‘र्यो’ आणि घराण्यातील इतरांच्या समाधीला ‘बो’ म्हणतात. अशी सुमारे ९०० स्थळे राजघराण्याचा कारभार पाहणाऱ्या कुनाईचो या सरकारी खात्याकडे आहेत.

प्राचीन समाध्या मुख्यतः नारा व ओसाका परिसरात आहेत. इ. स. तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून सहाव्या शतकापर्यंत मातीचे प्रचंड उंचवटे (कोफुन) रचले जात. त्यांपैकी सर्वांत मोठे मागे गोल, पुढे पसरट, म्हणजे वरून पाहता कुलपाच्या भोकासारखे दिसतात. उतारांवर ‘हानिवा’ या भाजक्या मातीच्या नळ्या व आकृत्या मांडलेल्या असत.

सम्राट निन्तोकूची म्हणून जपलेली साकाई येथील समाधी (दाइसेन कोफुन) सर्वांत मोठी. तिची लांबी पूर्वी ४८६ मी. धरत, खंदकातील पाण्याखालचा भाग मोजल्यावर ती ५२५ मी. भरली. १८७२ मध्ये पुढील भागाचा उतार ढासळून दगडी शवकक्ष उघडा पडला. आत चिलखत, शिरस्त्राण व काचेची भांडी आढळली. त्यांची चित्रे काढून कक्ष पुन्हा बुजवण्यात आला.

ही समाधी निन्तोकूचीच का, हा वाद जुना आहे. निहोन शोकी  या इतिवृत्तानुसार तो ३९९ मध्ये वारला. येथील हानिवा मात्र पाचव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराच्या दिसतात. इतिवृत्तातील कालगणना ताणलेली आहे असे मानून काही अभ्यासक निन्तोकूला चिनी साधनांत उल्लेखिलेल्या पाचव्या शतकातील जपानी राजांपैकी एक समजतात. त्याने सनाची अडचण बरीचशी दूर होते. पण जवळचीच, त्याचा मुलगा रिचू याच्या नावची समाधी रचनेवरून दाइसेनच्या आधीची ठरते. मुलाची समाधी बापाच्या आधी, हा पेच कायम राहतो. त्यामुळे ‘दाइसेन कोफुन’ हे स्थलवाचक नावच अधिक सुरक्षित वाटते. २०१९ मध्ये मोझू-फुरुइची समूहातील ४९ कोफुन जागतिक वारसा यादीत आले, ते मात्र निन्तोकूच्या नावासह.

नावांचा हा घोळ मुख्यतः उत्तरकालीन आहे. मध्ययुगात बऱ्याच समाध्यांचा विसर पडला होता. गामो कुम्पेई या अभ्यासकाने १८०८ मध्ये त्यांची पाहणी प्रसिद्ध केली आणि १८६२ पासून शोगुनशाहीने (तत्कालीन लष्करी राजवटीने) दुरुस्ती व निश्चिती हाती घेतली. आद्य सम्राट जिम्मू याची समाधी काशिहारा येथे ठरली ती याच काळात. पुढे निर्णय क्वचितच बदलले. अपवाद सम्राट तेन्मू व सम्राज्ञी जितो या दांपत्याच्या असुका येथील अष्टकोनी समाधीचा. ती १२३५ मध्ये लुटली गेली. जितो ही दहन झालेली पहिली सम्राज्ञी. तिचा चांदीचा अस्थिकलश चोरांनी नेला. त्या चोरीनंतर समाधीच्या आतील भागाचे वर्णन करणारे हस्तलिखित १८८० मध्ये सापडले आणि पुढच्याच वर्षी निश्चिती बदलली. सम्राट केइताईच्या बाबतीत तसे घडले नाही: तो ५३१ च्या सुमारास वारला, अधिकृत समाधी मात्र पाचव्या शतकातील आहे. बहुतेक संशोधक ताकात्सुकी येथील इमाशिरोझुका हीच त्याची खरी समाधी मानतात. ती कुनाईचोकडे नसल्याने तेथे रीतसर उत्खनन झाले. कुनाईचोच्या ताब्यातील स्थळांवर अभ्यासकांना प्रवेश फार मर्यादित. २००८ मध्ये नारा येथील गोसाशी कोफुनच्या फक्त खालच्या पायरीपर्यंत त्यांना जाऊ दिले गेले.

तेराव्या शतकापासून क्योतोच्या सेन्न्यूजी मंदिराच्या आवारात बऱ्याच सम्राटांची लहान दगडी स्मारके झाली. आधुनिक सम्राटांपैकी मेजीची समाधी फुशिमी-मोमोयामा येथे, तैशो व शोवा यांच्या हाचिओजी येथे आहेत. तत्कालीन सम्राट अकिहितो व सम्राज्ञी मिचिको यांचे मृत्यूनंतर दहन करून तेथेच तुलनेने लहान समाध्या बांधण्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले.