मज्जातंतूंच्या पुनर्जननावर पोस्टडॉक : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची रीत

पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतर एखाद्या लॅबमध्ये ठरावीक काळ करायच्या संशोधनाला, प्रवेश परीक्षा नसते आणि मेरिट लिस्टही लागत नाही. जागा दोन वाटांनी मिळते : एकतर लॅबकडे प्रकल्पाचा निधी असतो आणि ती जाहिरात देते, नाहीतर तुम्ही स्वतःची फेलोशिप घेऊन जाता. फेलोशिपलाही यजमान लॅबची संमती आधी लागते, त्यामुळे दोन्हीकडे पहिली पायरी म्हणजे लॅबप्रमुखाला ईमेल.

पात्रता

पीएचडी हवीच. ती न्यूरोबायॉलॉजीतलीच असावी असे नाही. जनुकशास्त्र, पेशीशास्त्र, अगदी भौतिकशास्त्रही चालते. ह्युमन फ्रंटियर सायन्स प्रोग्राम या आंतरराष्ट्रीय निधीसंस्थेची एक स्वतंत्र फेलोशिप तर जीवशास्त्राबाहेरून येणाऱ्यांसाठीच आहे. तिथे कालावधी 3 वर्षांचा असतो आणि पीएचडीच्या कामापेक्षा वेगळा विषय अपेक्षित असतो. एम्बो या युरोपातल्या जीवशास्त्र संस्थेची फेलोशिप जास्तीत जास्त 2 वर्षांची असते. तिच्यासाठी प्रथम लेखक म्हणून किमान एक शोधनिबंध लागतो आणि देशही बदलावा लागतो. युरोपीय संघाच्या मेरी क्युरी फेलोशिपमध्ये पीएचडीनंतर 8 वर्षांपर्यंतचा संशोधन अनुभव चालतो. मात्र अंतिम तारखेआधीच्या 36 महिन्यांत यजमान देशात 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावे. नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची सूचनाच प्रमाण माना.

कागदपत्रे

सीव्ही, पीएचडीचे प्रमाणपत्र (किंवा विद्यापीठाचे तात्पुरते प्रमाणपत्र), निबंधांची यादी, दोन-तीन शिफारसपत्रे, प्रस्ताव आणि यजमान लॅबचे संमतीपत्र. यादीत प्रत्येक निबंधातला तुमचा वाटा एका ओळीत लिहा. शिफारसपत्रे बहुधा प्राध्यापक परस्पर पाठवतात, त्यामुळे त्यांना वेळेत सांगा. अर्ज अडतात ते बहुतेक इथेच. उंदरांवर काम असेल तर प्राणी हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी हवी. सी. एलेगन्स कृमी आणि फळमाशीला सहसा ही परवानगी लागत नाही. झेब्राफिशचे पिल्लू स्वतः खाऊ लागले की युरोपीय कायद्याच्या कक्षेत येते.

प्रस्ताव

निवड खरी इथे ठरते. प्राणी आणि प्रश्न यांचा मेळ बसलेला दिसला पाहिजे. सी. एलेगन्सच्या प्रौढ उभयलिंगी कृमीत 302 न्यूरॉन (चेतापेशी) असतात आणि शरीर पारदर्शक असते. म्हणून 2004 मध्ये लेझरने चेतापेशीचा एकेक लांब तंतू म्हणजे अ‍ॅक्सॉन कापून जिवंत कृमीत त्याची वाढ पाहता आली, आणि पुढे डीएलके-1 हे जनुक त्या वाढीला आवश्यक असल्याचे कळले. नवे जनुक शोधायचे असेल तर कृमीच घ्या. कापलेला अ‍ॅक्सॉन झडतो कसा, हा प्रश्न असेल तर फळमाशी घ्या. सार्म हे जनुक काढले की तुटलेला तुकडा लवकर झडत नाही, हे तिच्यातच उघड झाले. झेब्राफिशचा तुटलेला मज्जारज्जू पुन्हा जुळतो, उंदराचा जुळत नाही. पण 2008 मध्ये पीटेन जनुक काढल्यावर उंदराच्या दृष्टिचेतेतले (डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूतले) अ‍ॅक्सॉन वाढले. सस्तन प्राण्याबद्दलचा दावा शेवटी उंदरातच तपासावा लागतो.

वेळापत्रकही प्राण्याप्रमाणे आखा. कृमीची पिढी साधारण 3 दिवसांची, उंदराची काही महिन्यांची. 2 वर्षांच्या प्रस्तावात उंदरांच्या तीन संकरित पिढ्या मांडल्या की परीक्षक तिथेच थांबतात, आणि त्यांचे काही चुकत नाही.

अनेक अर्जांत एक गोष्ट सुटते : वाढलेला अ‍ॅक्सॉन आणि इजेतून मुळातच वाचलेला अ‍ॅक्सॉन यांतला फरक कसा ओळखणार? हे लिहाच. अ‍ॅक्सॉनची लांबी वाढणे, त्याने योग्य पेशी गाठणे आणि हालचाल परत येणे, या तिन्हींचे मोजमाप वेगवेगळे द्या. मोजणाऱ्याला कोणता प्राणी कोणत्या गटातला हे माहीत नसेल, हेही नमूद करा.

ईमेल

आठ-दहा ओळी पुरेत. त्या लॅबच्या एखाद्या निबंधातला अनुत्तरित प्रश्न, त्यावर तुमची कल्पना आणि तुम्हाला येणारे तंत्र, एवढेच लिहा. सोबत सीव्ही जोडा. 'आदरणीय महोदय' लिहून पन्नास जणांना पाठवलेली ईमेल लगेच ओळखू येते. दोन आठवड्यांत उत्तर आले नाही तर एकदा आठवण द्या. होकार आला की बहुधा ऑनलाइन सादरीकरण आणि लॅबमधल्यांशी गप्पा होतात. तेव्हा आधीचे पोस्टडॉक आता कुठे आहेत, हे त्यांना मोकळेपणाने विचारा. फेलोशिप मिळाली नाही तर पगार लॅब देईल का, हेही तेव्हाच विचारून घ्या.