पॉकेट होल बुजवला तरी दिसतो, तो का?

पॉकेट होलची जोडणी, म्हणजे एका फळीत तिरकं भोक पाडून त्यातून स्क्रूने दुसरी फळी आवळणं, आता इतकी सोपी झालीये की पहिल्यांदा ड्रिल हातात धरणारा माणूससुद्धा एका दुपारी कपाटाची चौकट उभी करतो, जिग (ड्रिलला कोन धरून देणारा साचा) लावायचा, तिरकं भोक पाडायचं, स्क्रू आवळायचा, झालं. मग चौकट उलटी केल्यावर ती लांबुळकी भोकं दिसतात आणि तिथून खरी डोकेदुखी सुरू. बहुतेक लोक फिलरचा, म्हणजे भोक बुजवायच्या लगद्याचा, डबा आणतात, पत्तीने थापतात, सुकलं की घासतात, वरून रंग नाहीतर पॉलिश. सुरुवातीला बरं दिसतं. काही महिन्यांनी बघावं तर भोकाचा आकार जसाच्या तसा उमटलेला, कुठे कडेने बारीक रेघ, कुठे मध्येच खळगा, कुठे नुसताच डाग.

माझं म्हणणं असंय की खड्डा भरणं हा यातला सगळ्यात किरकोळ भाग आहे. भरलेला माल आजूबाजूच्या लाकडासारखा वागला पाहिजे, ओल आली की तेवढाच फुगला पाहिजे, स्टेन (लाकडात मुरणारा रंग) तेवढाच प्यायला पाहिजे, उजेड तसाच परतवला पाहिजे आणि वर्षभरात रंगही तसाच बदलला पाहिजे, आणि या सगळ्या अटी पुऱ्या करणारा माल डब्यात मिळत नाही.

आधी भोकाचा आकार नीट बघू, कारण निम्मी अडचण तिथेच आहे. नेहमीचा पॉकेट होल सुमारे ९.५ मिमी जाडीच्या बिटने (ड्रिलच्या भोक पाडणाऱ्या पात्याने), फळीच्या पृष्ठभागाशी १५ अंशांचा कोन करून पाडतात. सरळ भोक पाडलं असतं तर तोंड ९.५ मिमीचं गोल झालं असतं, पण तिरकं पाडल्यामुळे ते ताणलं जाऊन लंबगोल होतं, रुंदी तीच ९.५ मिमी पण लांबी जवळजवळ ३७ मिमी. म्हणजे उघडं क्षेत्रफळ सरळ भोकाच्या जवळपास चौपट.

आता या लंबगोलाची दोन टोकं वेगळी आहेत हे लक्षात घ्या, भरताना लोकांचं याकडेच लक्ष नसतं. जोडापासून लांबचं जे टोक आहे तिथे बिट लाकडात नुकता शिरत असतो, त्यामुळे तिथे खड्डा उथळ होत होत शून्यावर येतो आणि तिथे भरलेल्या मालाची जाडी कागदाइतकीच उरते. उलट जोडाकडच्या टोकाला खड्डा खोल, १८ मिमीच्या फळीत तळ साधारण १० मिमी खाली, आणि तिथे फळीचंच लाकूड पातळ ओठासारखं खड्ड्यावर आलेलं असतं. तो ओठ बिट बोथट असेल तर आधीच फाटलेला असतो. म्हणजे एका टोकाला फिलर पातळ आणि दुसऱ्या टोकाला लाकूड पातळ, आणि पातळ गोष्ट आधी सुटते. शिवाय वरून नुसती पत्ती फिरवली तर ओठाखाली हवा अडकते, म्हणून फिलर आधी खोल बाजूला, ओठाखाली दाबून कोंबायचा आणि मग उथळ बाजूकडे ओढत आणायचा.

आता लाकूड. लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांचा गठ्ठा, झाड जिवंत असताना त्यातून पाणी वर चढायचं, आणि झाड कापून फळी झाली तरी त्या नळ्यांच्या भिंती हवेतली ओल घेतात आणि सोडतात, ते कधी थांबत नाही. खोलीतली सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडातली ओल हळूहळू ६ टक्क्यांच्या आसपास येऊन टेकते, आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली तर १६ टक्क्यांपर्यंत चढते. ओल वाढली की लाकूड फुगतं, पण सगळीकडून सारखं नाही. रेषांच्या, म्हणजे या नळ्यांच्या, दिशेने, लांबीत, ओल्या लाकडापासून पूर्ण सुकेपर्यंत आकसणं जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के. रेषांना आडवं मात्र बरंच, रेड ओकमध्ये वाढीच्या वलयांच्या कडेने ८.६ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे ४ टक्के.

हे आपल्या भोकाला लावून बघा. ९.५ मिमी रुंदी, ओलीत ४ टक्क्यांचा फरक, जो ऋतू बदलला की सहज पडतो, तर भोकाची रुंदी ०.१ मिमीपेक्षा थोडी जास्त बदलते. ऐकायला काहीच नाही, पण कडक फिलर जागचा हलत नाही आणि रंगाचा थर सगळे हात मिळूनही साधारण तेवढाच जाड असतो, त्यामुळे तो बरोबर कडेवर तडकतो.

इथे एक गंमत आहे जी बऱ्याच जणांच्या डोक्यात उलटी बसलेली असते. लाकूड आकसलं की भोक मोठं होणार असं वाटतं ना? होत नाही. भोकाभोवतीचं सगळंच लाकूड त्याच प्रमाणात आकसतं म्हणून भोकही आडव्या दिशेने लहान होतं. म्हणजे कोरड्या हवेत भोक फिलरला दोन्हीकडून दाबतं, शिवाय फळीची जाडी थोडी कमी होते पण फिलरची होत नाही, म्हणून फिलर किंचित वर येतो आणि हात फिरवला की उंचवटा लागतो. दमट हवेत उलटं, भोक रुंदावतं आणि कडेने फट पडते.

फिलर कुठला यावर लोक तावातावाने वाद घालतात पण मूळ प्रश्न एवढाच आहे की तो सुकून घट्ट होतो का रिअ‍ॅक्शनने. पाण्यातला फिलर सुकतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं, आणि जेवढं पाणी गेलं त्यातली काही जागा रिकामी होते म्हणजे माल आकसतो. बारीक खिळ्याच्या भोकात हे कळतही नाही, पण इथे जाडी एका टोकाला शून्य आणि दुसऱ्या टोकाला १० मिमी आहे, साहजिकच जिथे माल जास्त तिथे आकसणं जास्त, आणि बरोबर खोल टोकाशी खळगा पडतो. वर साय धरते, आत ओलं राहतं, आपण वरून बोट लावून बघतो, कडक लागतं, घासून रंग मारतो आणि आतलं पाणी त्यानंतर निवांत निघतं. म्हणून पाण्याचा फिलर भरायचाच असेल तर पातळ थरांत, प्रत्येक थर पूर्ण सुकल्यावर पुढचा, आणि शेवटचा थर पृष्ठभागाच्या थोडा वर ठेवून.

इपॉक्सी किंवा दोन भाग मिसळून करायचा पॉलिएस्टर फिलर यांचं तसं नाही. त्यात दोन घटकांची रासायनिक जोडणी होते, उडून जाणारं फारसं काही नसतं, त्यामुळे आकसणं कमी आणि खोल खड्डा एका दमात भरता येतो. रंग मारायचा असेल तर मी डोळे झाकून हेच वापरीन. पॉलिशखाली मात्र हे अजिबात नको, कारण त्यावर स्टेन चढत नाही आणि गुळगुळीत ठिगळ तेवढं उठून दिसतं.

मग येतो सगळ्यांचा आवडता उपाय, त्याच लाकडाचा भुसा आणि पांढरा सुतारी ग्लू कालवून भरायचं. तर्क ऐकायला पटतो, लाकूड तेच म्हणजे रंग तोच येणार. येत नाही, गडद येतो, आणि याचं कारण भौतिकशास्त्रात आहे. कोरडं लाकूड फिकट दिसतं कारण उजेड आत शिरला की नळ्यांच्या भिंत आणि हवा यांच्या असंख्य सीमांवर आपटून विखुरतो आणि बराचसा बाहेर परत येतो. भिंतीचा अपवर्तनांक (उजेड आत शिरताना किती वळतो याचं माप) साधारण १.५३ आणि हवेचा १, फरक मोठा म्हणून विखुरणं जोरात. हवेच्या जागी ग्लू भरला, ज्याचा अपवर्तनांक १.४७ च्या आसपास असतो, तर तो फरक जवळपास मिटतो, उजेड न विखुरता खोल जातो आणि आतच शोषला जातो. लाकूड भिजल्यावर गडद दिसतं ते पण याच कारणाने, फरक इतकाच की पाणी उडतं आणि ग्लू तिथेच राहतो. वर स्टेन लावला तर आणखी पंचाईत, ग्लूने सगळी छिद्रं बंद केलेली असल्यामुळे स्टेन आत जातच नाही आणि जो डाग आधी गडद होता तो आता आजूबाजूपेक्षा फिकट दिसायला लागतो.

राहिला लाकडी प्लग, म्हणजे भोकात बसवायची लाकडाची गुल्ली, आणि पॉलिशच्या कामात खरा पर्याय हाच आहे. तयार प्लग मिळतात, नाहीतर ९.५ मिमीचा डोवेल (गोल लाकडी दांडा) तिरका कापूनही भागतं. ग्लू लावून बसवायचा, वरचा भाग बारीक दातांच्या, दात बाहेर न वळवलेल्या करवतीने छाटायचा, उरलेलं पटाशीने किंवा पॉलिश पेपरने. पण डोवेलमध्ये रेषा त्याच्या लांबीत असतात, आणि तो भोकात १५ अंश तिरका बसतो, म्हणजे छाटल्यावर जो लंबगोल दिसतो त्यात नळ्या पृष्ठभागाला समांतर नसून तिरक्या कापलेल्या असतात, त्यांची तोंडं उघडी. लाकडात द्रव पदार्थ नळीच्या दिशेने जितका सहज जातो त्याच्या अगदी क्षुल्लक भाग आडवा जातो, त्यामुळे उघड्या तोंडांनी प्लग स्टेन गटागटा पितो आणि आजूबाजूपेक्षा काळपट होतो. शिवाय या तिरक्या नळ्या उजेड एकाच बाजूला परतवतात, म्हणून एका बाजूने बघितलं तर प्लग गडद, टेबलाला फेरी मारून दुसऱ्या बाजूने बघितलं तर तोच प्लग चकाकतो. फिलरचं उलट आहे, त्याच्यात रेषाच नाहीत, तो कुठूनही बघा तसाच निस्तेज.

यावरचा उपाय मला फार आवडतो कारण तो निव्वळ भूमितीचा आहे. पोकळ प्लग कटर घ्यायचा आणि त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यातून, तशाच १५ अंशांच्या कोनात प्लग काढायचा. मग प्लगच्या आत रेषा त्याच्या अक्षाशी १५ अंश तिरक्या असतात, आणि तो १५ अंश तिरक्या भोकात नीट फिरवून बसवला की दोन्ही तिरकेपणा एकमेकांना खाऊन टाकतात आणि वर दिसणाऱ्या रेषा फळीला समांतर येतात. प्लग अर्धा फेरा उलटा बसला तर मात्र ३० अंशांचा फरक पडतो, म्हणून ग्लू लावायच्या आधी वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करून ठेवा. लाकूड तेच आणि रेषांची दिशा तीच असल्यामुळे तो फळीबरोबरच फुगतो आणि आकसतो, कडेची फट पडायचं कारणच उरत नाही.

घाई मात्र इथेही नडते. ग्लूमध्ये पाणी असतं, ते प्लग आणि भोकाची कड दोन्ही फुगवतं, आणि त्या फुगलेल्या अवस्थेत घासून सपाट केलं की दोन-चार दिवसांनी पाणी निघून गेल्यावर कड खाली बसते. रात्रभर थांबलात तरी बराच फरक पडतो. घासताना पेपर हातात न धरता सपाट ठोकळ्यावर धरा, कारण प्लग कडक लाकडाचा आणि फळी मऊ असेल तर बोटाखालचा पेपर मऊ लाकूड जास्त खातो आणि प्लगचा टेंगूळ उरतो.

एवढं सगळं का, तर डोळ्यामुळे. अर्ध्या मीटरवरून साधारण नजरेला ०.१५ मिमीचा तपशील ओळखू येतो, पण रेघ तुटलीये किंवा सरकलीये हे आपल्याला त्याच्या कितीतरी कमी अंतरातही कळतं. त्यात आपली दृष्टी कडा मुद्दाम ठळक करून दाखवते, फिकट आणि गडद भाग जिथे भेटतात तिथला फरक मेंदू वाढवून सांगतो, ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये याचं वर्णन केलं होतं. सरळ रेषांच्या फळीवर एक स्वच्छ लंबगोल म्हणजे असल्या नजरेला आयतंच आमंत्रण. त्यामुळे काम तपासताना वरचा दिवा चालत नाही, खोलीत अंधार करा आणि टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून आडवा उजेड मारा, ०.०५ मिमीचा उंचवटासुद्धा सावली टाकतो. चमकदार रंगाखाली हे जास्त दिसतं, मॅटखाली कमी. आणि फिलर रंग वेगळ्या प्रमाणात शोषतो म्हणून तिथे चमकही वेगळी दिसते, त्यासाठी प्रायमर किंवा सीलरचा हात सगळ्या पृष्ठभागावर हवा, नुसता डागापुरता नको.

रंगाचं जुळणं तर आजच्यापुरतंच असतं. लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना घट्ट धरणारा पदार्थ, अतिनील किरण शोषतं आणि त्याची रचना बदलत जाते, पाइन पिवळसर पडतं, चेरी काही महिन्यांत गडद लालसर होतं, अक्रोडाचं लाकूड उलट वर्षानुवर्षं फिकट होत जातं. फिलर यातलं काहीच करत नाही. ताज्या चेरीला आज तंतोतंत जुळवलेला फिलर पुढच्या वर्षी फिकट ठिपका म्हणून दिसणारच, म्हणून जुळवायचंच तर जुन्या, रंग चढलेल्या तुकड्याशी जुळवावं. पॉलिशनंतर भरायचा रंगीत मेणाचा फिलर या बाबतीत सोयीचा, नंतर खरवडून बदलता येतो, फक्त त्याच्यावर पुढे कसलाच थर धरत नाही हे लक्षात ठेवून तो अगदी शेवटी भरायचा.

आणि खरं सांगायचं तर मी आधी भोकं कुठल्या बाजूला जातील हेच बघीन. टेबलाच्या खालून, कपाटाच्या मागून, खणाच्या आतल्या बाजूने पाडलेली भोकं उघडी ठेवली तरी कुणाचं काही बिघडत नाही, कारण प्लग किंवा फिलरने जोडाला ताकद मिळत नाही, ती सगळी स्क्रूची आणि दोन फळ्यांमधल्या दाबाची असते. उलट ग्लू लावून प्लग ठोकला की स्क्रू पुढे कधी ढिला झाला तर परत आवळायचा रस्ताच बंद. नंतर सोडवून हलवायची वस्तू असेल तर प्लग नुसताच दाबून बसवा, नाहीतर प्लास्टिकची टोपी लावा. दिसणाऱ्याच बाजूला भोक येत असेल आणि जुळवायची इच्छा नसेल तर फिकट फळीत अक्रोडाचा गडद प्लग घाला, सगळे एका रेषेत, सारख्या अंतरावर. त्याची रेषा आणि रंग जुळवायची गरजच नाही, फक्त कड तेवढी स्वच्छ लागते, आणि ती धारदार बिटने पहिल्याच वेळी पडते.