सापडलेले सोने आणि बक्षिसाचा हक्क : पार्श्वभूमी

विसरलेली दागिन्यांची पिशवी परत करणाऱ्या रिक्षाचालकाचा पोलीस ठाण्यात सत्कार, ही बातमी मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. पिशवीत किती तोळे होते ते मथळ्यातच असते. चालकाला काय मिळाले, याचा उल्लेख बहुधा शाल-श्रीफळापाशी संपतो. मग वाद सुरू होतो. मालकाने चार पैसे हातावर ठेवायला नकोत का, असे एक बाजू म्हणते. पैसे घेतले तर तो प्रामाणिकपणा कसला, असे दुसरी. या वादाला दीड शतकाहून अधिक काळाचा कायदेशीर इतिहास आहे, आणि त्यात बक्षिसाची बाजू आज वाटते तितकी लाजिरवाणी कधीच नव्हती.

त्याआधीचे थोडक्यात. गौतम धर्मसूत्रानुसार मालक माहीत नसलेली वस्तू सापडली की राजाला कळवायचे, राजाने दवंडी पिटवून ती वर्षभर सांभाळायची, आणि तरीही कोणी आले नाही तर चौथा हिस्सा सापडवणाऱ्याचा, उरलेले राजाचे. मनुस्मृतीत ही मुदत तीन वर्षांची आहे. वस्तूचे रूप, संख्या वगैरे सांगून ओळख पटवल्याशिवाय ती मालकाला द्यायची नाही आणि खोटा दावा करणाऱ्याला तेवढ्याच किमतीचा दंड करायचा, असेही तिथे आहे. सांभाळल्याबद्दल राजा सहावा, दहावा किंवा बारावा भाग ठेवून घेऊ शकतो. म्हणजे ठेवून घेणाऱ्या सत्तेचा वाटा ग्रंथातच ठरलेला. मधली शतके सोडून पुढे जाऊ, कारण आज ठाण्यात जे लागू होते ते 1860 नंतरचे आहे.

1860 च्या भारतीय दंड संहितेचे कलम 403 अप्रामाणिकपणे मालमत्ता लाटण्याबद्दलचे. त्याखालची उदाहरणे वाचण्यासारखी आहेत. हमरस्त्यावर रुपया सापडला, कोणाचा ते माहीत नाही, उचलला : गुन्हा नाही. रस्त्यात पत्र सापडले, आत नोट आहे, पत्त्यावरून मालक कळतो, तरी नोट खिशात घातली : गुन्हा. मौल्यवान अंगठी सापडली आणि मालकाचा शोध न घेता लगेच विकून टाकली : गुन्हा. मालक कोण हे कळण्याचे साधन हाताशी होते का, नसेल तर त्याला शोधण्याचा वाजवी प्रयत्न केला का, आणि वाजवी काळ वस्तू राखून ठेवली का, यावर सारे अवलंबून. परत करण्याच्या हेतूने उचलणारा दोषी नाही, हेही तिथे स्पष्ट आहे. ‘उगाच हात लावला तर आपल्याच अंगाशी येईल’ ही भीती लोकांत खोल रुजली आहे, पण कायद्याच्या अक्षरात तिला आधार नाही. ती आली ती ठाण्यातल्या अनुभवातून.

1872 च्या करार कायद्याने दुसरी बाजू लिहिली. कलम 71 प्रमाणे वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. कलम 168 सांगते की स्वतःहून केलेल्या खटपटीचा आणि खर्चाचा मोबदला मागायला कोर्टात जाता येत नाही. मात्र तो मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. मालकाने ठरावीक बक्षीस जाहीर केले असेल तर त्यासाठी दावाही लावता येतो. छोट्या जाहिरातींत ‘योग्य बक्षीस दिले जाईल’ असे मोघम छापण्याची आपल्याकडे रीत आहे. आकडाच नसेल तर दावा लावणार कशाच्या जोरावर? मालक सापडत नसेल आणि वस्तू नासण्याची भीती असेल, किंवा सांभाळण्याचा खर्च किमतीच्या दोन-तृतीयांशावर गेला असेल, तर कलम 169 विकण्याची मुभा देते. सहा वर्षांनी, 1878 मध्ये, गुप्तधनाचा कायदा आला. जमिनीत पुरलेल्या बेवारस धनात सापडवणाऱ्याला, जागामालकाशी वेगळे ठरले नसेल तर, तीन-चतुर्थांश हिस्सा. नांगराच्या फाळाला हंडा लागला तर बारा आणे आपले, आणि बसच्या बाकाखाली पाकीट सापडले तर आभार!

बक्षिसाच्या प्रश्नावरचा सर्वांत वादग्रस्त निकाल 1913 चा, अलाहाबाद उच्च न्यायालयाचा. हरवला होता तो दागिना नव्हे, मुलगा. पण ‘शोधून देणाऱ्यास इनाम’ अशा प्रत्येक पत्रकावर या निकालाची सावली पडली. कानपूरच्या एका व्यापाऱ्याचा पुतण्या घरातून निघून गेला. व्यापाऱ्याने पेढीवरच्या मुनिमाला गाडीभाडे आणि खर्च देऊन हरिद्वारला धाडले. मुनीम गेल्यावर पत्रके छापली : मुलगा शोधून देणाऱ्यास 501 रुपये. मुनिमाने ऋषिकेशला मुलगा शोधला, तार केली. मालकाने त्याला दोन गिन्न्या दिल्या आणि कानपूरला परतल्यावर आणखी वीस रुपये. मुनीम काही बोलला नाही. सुमारे सहा महिन्यांनी त्याला नोकरीवरून काढले, तेव्हा त्याने 499 रुपयांचा दावा लावला. तो हरला.

कायद्याच्या वर्गात हा निकाल एका वाक्यात शिकवतात : बक्षिसाची माहिती नव्हती, म्हणून प्रस्तावाचा स्वीकार नाही, म्हणून करार नाही. निकालाचा मजकूर इतका सरळ नाही. काही पत्रके मुनिमाला हरिद्वारला पाठवली गेली होती, अशी नोंद निकालातच आहे. तेव्हा माहितीच्या मुद्द्यावर सगळा भार टाकणे अवघड होते. न्यायालयाने जो आधार घेतला तो वेगळा : मुनीम नोकर होता. हरवलेला नातलग शोधणे हे मुनिमाचे नेहमीचे काम नाही, हे न्यायालयाने मान्य केले. पण तो हरिद्वारला जायला तयार झाला तेव्हाच ते त्याचे कर्तव्य झाले, आणि आधीच अंगावर असलेले कर्तव्य पार पाडणे हा नव्या वचनाचा मोबदला, म्हणजे ते वचन बंधनकारक व्हायला बदल्यात द्यावे लागते ते काही, होऊ शकत नाही.

बारा वर्षांनी, 1925 मध्ये, त्याच न्यायालयापुढे जवळजवळ तसाच दावा आला. बापाने पत्रक काढले होते की मुलाला घरी आणून देणाऱ्यास 500 रुपये. एका त्रयस्थाला मुलगा रेल्वे स्टेशनजवळच्या धर्मशाळेत दिसला. त्याने त्याला रेल्वे पोलिसांकडे नेले आणि बापाला तार केली. बापाचे म्हणणे, घरी कुठे आणला? न्यायालयाने ते ऐकले नाही. अट पुरेशी पाळली गेली असे ठरवून बक्षीस द्यायला लावले.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले तर फरक दिसतो. त्रयस्थाला इनाम, नोकराला कर्तव्य. तर्क म्हणून यात खोट काढणे कठीण, पण परिणाम बोचतो. कारण हरवलेल्या वस्तू बहुतेकदा ज्यांच्या हाती लागतात ते कामावरच असतात : रिक्षा-टॅक्सीवाले, वाहक, सफाई कामगार, लॉजवरचा पोऱ्या, बँकेचा पहारेकरी. मोटार वाहन नियमांतही हेच सूत्र उतरले आहे. खेप संपली की गाडीत काही राहिले का ते पाहायचे आणि मिळालेली वस्तू परवानाधारकाच्या कार्यालयात किंवा पोलिसांकडे जमा करायची. हा मार्ग एकमेव नव्हता. ज्या लंडनच्या कायद्यांची आपल्याकडे नक्कल झाली, तिथे 1853 पासून भाड्याच्या घोडागाडीवाल्याने वस्तू पोलिसांकडे जमा करायची आणि मालकाने ती सोडवताना गाडीवाल्याला पोलीस ठरवतील ती वाजवी रक्कम द्यायची, अशी तरतूद होती. कर्तव्य आणि मोबदला दोन्ही एकाच कलमात. जपानमध्ये आजही मालकाने किमतीच्या 5 ते 20 टक्के देणे कायद्यानेच ठरलेले आहे. आपण त्यातले कर्तव्य घेतले, मोबदला मालकाच्या मर्जीवर सोडला, आणि उरलेली जागा सत्काराने भरली.

स्वातंत्र्यानंतर बेवारस मालाची व्यवस्था 1951 च्या मुंबई पोलीस कायद्यात आली. तोच आता महाराष्ट्र पोलीस कायदा. माल ताब्यात घ्यायचा, जाहीरनामा काढायचा, सहा महिन्यांत कोणी हक्क सिद्ध केला नाही तर विकायचा. आणणाऱ्याच्या वाट्याला पोच आणि जबाब.

गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र चित्र भराभर बदलले, आणि ते मालकाच्या बाजूने. दहा वर्षे दावा न झालेल्या बँक ठेवी 2014 पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जातात. तरी मालकाचा किंवा वारसाचा हक्क बुडत नाही, आणि 2023 पासून त्या एका संकेतस्थळावर शोधताही येतात. हरवलेला मोबाइल त्याच्या आयएमईआय (प्रत्येक फोनच्या स्वतंत्र ओळख) क्रमांकावरून बंद करण्याची सोय 2019 मध्ये महाराष्ट्रात सुरू झाली आणि मे 2023 मध्ये देशभर. पश्चिम रेल्वेच्या सुरक्षा दलाने 2022 पासून गाडीत राहिलेल्या सामानाचे फोटो ऑनलाइन टाकायला सुरुवात केली. ‘मालक कसा शोधणार?’ ही सबब त्यामुळे लंगडी पडते. यूपीआयवर चुकून आलेल्या पैशांचेही तेच. चुकून मिळालेले परत केलेच पाहिजे, असे करार कायद्याचे कलम 72 आधीपासून सांगते. आता पाठवणाऱ्याचे नावही पडद्यावर असते.

1 जुलै 2024 पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि 403 चे 314 झाले. पूर्वी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती, म्हणजे नुसत्या दंडावर सुटता येत असे. आता किमान सहा महिने कैद आणि शिवाय दंड. करार कायद्याच्या कलम 168 ला या फेरबदलात कोणी हात लावला नाही. खटपटीच्या मोबदल्यासाठी दावा करता येत नाही, हे 1872 मध्ये होते तसेच आहे.